तुटलेल्या तारेचा पंचनामा

स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा घरच्या बैठकीत वाद्याची तार तुटली की आपल्याकडे तीन निदाने ठरलेली असतात. पहिले, "तारच बोगस होती." दुसरे, "वाजवणाऱ्याच्या अंगात आले होते." आणि तिसरे निदान वडीलधारी मंडळी हळूच करतात, "नजर लागली." या तिन्ही निदानांत एक गोष्ट सारखी आहे. तुटलेली तार हातात घेऊन ती नेमकी कुठे तुटली, हे कुणीही पाहत नाही. तार खुंटीवरून सोडवतात, तिची गुंडाळी करून केरात टाकतात, नवी चढवतात आणि काही दिवसांनी तीही त्याच जागी तुटते. मग पुन्हा तीच तीन निदाने!

माझे म्हणणे साधे आहे. तार बहुतेक वेळा जिथे टेकते, जिथे वाकते किंवा जिथे बांधली जाते तिथेच तुटते. भर मध्यावर, मोकळ्या जागेत, ती क्वचितच तुटते. म्हणजे दोष शोधायचा तो तारेच्या पुड्यात नव्हे, तर तारेखालच्या घोडीत, वरच्या पट्टीच्या खाचेत, खुंटीच्या भोकात आणि आपल्या सवयींत. तुटलेली तार ही एक साक्षीदार आहे आणि तिची जबानी घेण्याआधीच आपण तिला हाकलून देतो. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. पण आपल्या महाविद्यालयांतून, शाळांतून आणि मंडळांतून वाद्ये मुकी होत चालली आहेत, त्याचे एक मोठे कारण याच हलगर्जीपणात आहे असे मला वाटते.

मंगळवार पेठ म्हटली की बाहेरच्यांना तालमी आठवतात, फुटबॉल आठवतो, फार तर मिरजकर तिकटीवरची गर्दी आठवते. परंतु या पेठांतून तारांची वाद्येही पूर्वापार नांदत आली आहेत. कुणाच्या माडीवर आजोबांचा तंबोरा गवसणीत उभा असतो, कुणाकडे सतार, कुणाच्या मुलाने हौसेने घेतलेली गिटार. आणि गणपतीत तर बेंजोशिवाय भागत नाही. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते खरे बुलबुलतरंग. जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता याने १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य बनवले, त्याचा हा भारतीय अवतार. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, त्यांखाली पोलादी तारा, आणि आता जोडीला विजेचा ध्वनिवर्धक. मिरवणूक ऐन रंगात आली आणि तार तुटली की बेंजोवाल्याची काय तारांबळ उडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ती तिथेच का तुटली, हे विचारायला मिरवणुकीत उसंत नसते आणि मिरवणुकीनंतर कुणाला आठवण नसते.

तार तुटण्याची कारणे ढोबळमानाने तीन: ताण, वाक आणि गंज.

आधी ताणाचे पाहू. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली तारेच्या स्वराचे नियम मांडले. तारेची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींवर स्वर ठरतो. स्वराची कंपने दीडपट करायची, म्हणजे षड्जावरून पंचमावर जायचे, तर ताण दीडपट करून भागत नाही. तो सव्वादोनपट करावा लागतो. या नियमातून आणखी एक गंमतीची गोष्ट निघते. एकाच लांबीच्या आणि एकाच धातूच्या दोन तारा, एक जाड आणि एक बारीक, एकाच स्वराला मिळवल्या तर जाड तारेवर ताण जास्त येतो हे खरे. पण तो ताण पेलायला तिच्या अंगात धातूही तितकाच जास्त असतो. दर चौरस मिलिमीटरला पडणारा भार दोघींवर सारखाच. म्हणून "बारीक तार तुटते, जाड लावा" हा आपला नेहमीचा उपाय फारसा लागू पडत नाही. उलट बारीक ओढलेली पोलादी तार आपल्या आकाराच्या मानाने थोडी अधिकच चिवट असते. आपल्याकडे दंड मोजून पैलवानाची परीक्षा करतात. तारेच्या बाबतीत ती पद्धत चालत नाही.

आता तंबोरा घ्या. पुरुषी आवाजाचा, काळी एकला मिळवलेला, घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत सुमारे ९५ सेंटिमीटर लांबीची तार असलेला. त्याच्या जोडीच्या तारेवरचा भार हिशेबाने काढला तर तो त्या तारेच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतकाही भरत नाही. मग ही तार तुटतेच का? निव्वळ ताणाने ती तुटायला नको. तरीही ती तुटते, याचा अर्थ अन्य कुणीतरी तिचा घात करीत आहे. तो कोण, हे समजण्यासाठी आपल्याकडे फारसे न दिसणाऱ्या एका वाद्याकडे पाहू. त्या वाद्यात तार तुटण्याचा प्रकार आरशात पाहावा इतका स्पष्ट दिसतो.

हवाईयन गिटार आपल्या परिचयाचे आहे. हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवर पोलादी तुकडा फिरवून गिटार वाजवण्याची रीत रुळवली. ती जगभर पसरली, आपल्याकडेही आली. व्हॅन शिपले यांच्या तबकड्यांनी सिनेमातली गाणी या गिटारवर घरोघर पोचवली. ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आजही ऐकली जाते. विश्वमोहन भट्ट यांनी याच गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले.

याच वाद्याचा अमेरिकेत वाढलेला भाऊ म्हणजे पेडल स्टील गिटार. टेबलासारखे चार पायांवर उभे, बहुधा दहा तारांचे, खाली पायाने दाबायची पेडले आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. पेडल दाबले की एखादी तार वाजता वाजताच ओढली जाते आणि तिचा स्वर चढतो. १९५४ साली वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने असे पेडल वापरले आणि तो आवाज तिकडच्या लोकप्रिय संगीतात कायमचा शिरला. आपल्या सतारीची मींड बोटाने निघते, यांची पायाने निघते, एवढाच फरक.

या वाद्यात सर्वांत जास्त तुटते ती तिसरी तार. तिची जाडी जेमतेम ०.२८ मिलिमीटर. आपल्या भाषेत बोलायचे तर ती काळी चारच्या स्वराला मिळवलेली असते आणि पेडल दाबले की अर्धा स्वर चढून पांढरी सहावर जाते. तारेची लांबी ६१ सेंटिमीटर धरून हिशेब केला तर तिच्यावरचा ताण साडेबारा किलोच्या आसपास असतो आणि पेडल दाबताच तो चौदा किलोवर जातो. एवढ्या जाडीची चांगली पोलादी तार साधारण सतरा किलोला तुटते. म्हणजे आधीच ही तार मरणाच्या दारात उभी आहे आणि एका गाण्यात तिला पन्नास वेळा आणखी एक पाऊल पुढे ढकलले जाते.

तरीसुद्धा ती चौदा किलोला तुटायला नको! मग ती तुटते कुठे? वादकांचा अनुभव असा की ती बहुतेक वेळा ओढणाऱ्या टोकाशीच तुटते. तिथे घोडीच्या जागी धातूचे एक गोलसर बोट असते. पेडल दाबले की ते बोट किंचित फिरते आणि तार ओढते. सोडले की परत येते. प्रत्येक वेळी त्या बोटाच्या माथ्यावर तार जराशी वाकते आणि जराशी सरळ होते. पत्र्याची पट्टी एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिले की ती तुटते, हे आपण सर्वांनी लहानपणी केले आहे. त्यासाठी भीमाचे बळ लागत नाही. पुन्हा पुन्हा वाकवण्याचा चिकाटीपणा पुरतो. धातूच्या या थकव्याचा अभ्यास ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर केला होता. एका दमात मोडायला जेवढा भार लागतो त्याहून पुष्कळ कमी भार लाखो वेळा आला तरी आस मोडतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले. सायकलच्या ब्रेकची तार नेहमी मुठीपाशीच का तुटते, याचेही उत्तर हेच.

आणि त्या बोटाच्या माथ्यावर तारेने घासून घासून खाच पाडली असेल तर विचारायलाच नको. खाचेच्या कडेला धार येते, तार तिथे अडकते, आणि सगळा वाक एका बिंदूवर गोळा होतो. म्हणून अनुभवी वादक तार तुटली की आधी त्या बोटाचा माथा तपासतात, बारीक पॉलिश कागदाने तो गुळगुळीत करतात, तेलाचा थेंब देतात आणि तिसरी तार तुटण्याची वाट न पाहता ठरावीक दिवसांनी स्वतःच बदलतात. तार मर्त्य आहे हे त्यांनी मान्य केले आहे. मात्र तिला अकाली मरण येऊ नये याची तजवीज ते करतात.

आता हा धडा घेऊन पुन्हा आपल्या वाद्यांकडे वळू. बेंजोची कळ दाबली की तिच्याखालची धातूची पट्टी तारेला खाली दाबते. मिरवणुकीत त्याच चार चाली शंभर वेळा वाजतात, म्हणजे त्याच चार जागी तारेला शंभर वेळा चेप बसतो. वर भाद्रपदातला पाऊस, हाताचा घाम, आणि वाजवून झाल्यावर ओले वाद्य तसेच पेटीत बंद. गंज पकडलेल्या तारेच्या अंगावर बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे तुटण्यासाठी आयती करून ठेवलेली जागा. सतारीत चिकारीची बारीक तार आधी जाते, कारण तिचा स्वर फार चढा असतो आणि पेडल स्टीलच्या तिसऱ्या तारेप्रमाणे ती आपल्या ताकदीच्या काठावरच जगत असते. बाजाची तार मींडेने ओढली जाते. पाच स्वरांची मींड घेतली की तिचा ताण किती वाढतो ते मेर्सेनच्या नियमाने कुणीही काढावे. आणि तंबोऱ्याची तार, जिला खरे म्हणजे वर्षानुवर्षे टिकायला हरकत नाही, ती तुटते वरच्या हाडाच्या पट्टीतल्या धारदार खाचेत, खुंटीच्या भोकाच्या कडेवर, नाहीतर तळाशी जिथे तिचा फास पिळून अडकवतात तिथे. पुड्यातून काढताना तारेला एकदा मुरड पडली की ती कितीही सरळ केली तरी ती जागा कायमची अधू होते. नवी तार घाईघाईने चढवणारा हात हा त्या तारेचा पहिला शत्रू होय.

हे सारे जाणणारी माणसे आपल्यापासून फार दूर नाहीत. मिरज कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवर. तिथल्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा या घराण्याने भोपळा आणि लाकूड हाती घेतले. पिढ्यान्पिढ्या धार काढणाऱ्या हातांना धार मोडायचीही कळली, यात नवल नाही. कारण जवारी म्हणजे दुसरे काय? घोडीचा माथा इतका हलकेच उतरता आणि गुळगुळीत करायचा की तार त्यावर टेकतही राहावी आणि अडकूही नये. जी घोडी गोड बोलते ती तारेला सहसा तोडत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेत येतात आणि तिथून सतार-तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण शेजारच्या जिल्ह्यात मानांकन आले आणि आपल्या कपाटातला तंबोरा तीनच तारांवर उभा, याला काय म्हणावे?

मिरजेतच राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब गायक म्हणून केवढे मोठे, हे सांगायला नको. पण ते वाद्यांची दुरुस्तीही स्वतःच्या हाताने करीत आणि त्या कामात निष्णात होते, हे आपण विसरतो. एवढ्या थोर गवयाला घोडी घासण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र तार बदलण्यात वाटतो.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. एका संस्थेतले एक कपाट मी पाहिले आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी कपाटे जागोजागी असावीत. आत दोन तंबोरे, एक सतार. एका तंबोऱ्याची खर्जाची तार नाही, दुसऱ्याच्या दोन खुंट्या फिरत नाहीत, सतारीवर धुळीचा थर. विचारले तर उत्तर मिळते, "तार तुटली तेव्हापासून बंद आहे." एका तारेची किंमत ती काय! पण ती आणायची कुणी, चढवायची कुणी, हे ठरलेले नाही, म्हणून हजारोंचे वाद्य मुके झाले. त्याच्या जागी मोबाइलमधला तंबोरा सुरू होतो आणि विद्यार्थी त्यावर षड्ज लावतात.

कुणी म्हणेल, त्यात वाईट काय? मोबाइलच्या तंबोऱ्याची तार तुटत नाही, तो उतरत नाही, प्रवासात फुटत नाही. हे सर्व मान्य. एकट्याने रियाज करणाऱ्याला, वसतिगृहातल्या खोलीत राहणाऱ्याला तो मोठाच आधार आहे आणि मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तंबोरा मिळवणे हा कानाचा पहिला अभ्यास आहे. खुंटी फिरवताना स्वर चढतो कसा, मणी केसभर सरकवला की तो लागतो कसा, जवारीत दोरा नेमका बसला की तार एकदम बोलू लागते कशी, हे हाताला कळले नाही तर कानालाही अर्धेच कळते. जे यंत्र कधी उतरत नाही ते आपल्याला चढवायलाही शिकवत नाही.

दुसरा आक्षेप असा की आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी, हे मिस्त्रीकाम आमचे नव्हे. या आक्षेपाचा मला राग येतो. चित्रकार आपला कुंचला स्वतः धुतो, पैलवान आपला हौदा स्वतः उकरतो, आणि शेतकऱ्याला आपल्या अवजाराची धार माहीत असते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यानेच तेवढे सोवळे पाळावे, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? कारागीर खालचा आणि कलावंत वरचा ही उतरंड आपण मनात पक्की केली, त्याचा हा परिणाम. तार तुटते वाद्यावर, पण खरी तुटलेली असते ती वाजवणारा आणि घडवणारा यांच्यामधली ओळख.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो मला पटत नाही, कारण मी जे सुचवतो आहे त्याला पैसा फारसा लागत नाही. प्रत्येक वाद्याबरोबर सुट्या तारांचा एक संच आणि मऊ सुती फडके ठेवावे. वाजवून झाले की तारा पुसाव्यात. घाम हा तारेला पावसाइतकाच वाईट. वरच्या पट्टीची खाच शिसपेन्सिलीच्या टोकाने अधूनमधून घासावी, म्हणजे तार त्यात अडकत नाही. कपाटात एक साधी वही असावी: कोणती तार, कोणत्या तारखेला, कोणत्या जागी तुटली. एकाच जागी तीनदा तुटल्याची नोंद झाली की दोषी आपोआप सापडतो. आणि वर्षातून एकदा मिरजेच्या एखाद्या कारागिराला सन्मानाने बोलवावे, व्याख्यात्याला देतो तेवढे मानधन द्यावे, आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्यासमोर बसून तार चढवायला, फास पिळायला, जवारी ऐकायला शिकावे. ज्या गावात राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला, ज्या गावात १८८३ पासून देवल क्लबसारखी संस्था उभी आहे, त्या गावातल्या महाविद्यालयांना हे जड जाऊ नये.

तारा तुटणार. त्या कायम टिकाव्यात असे मी म्हणत नाही. जिच्यावर सतत ताण आहे ती वस्तू कधीतरी तुटायचीच. पण पुढच्या वेळी तार तुटली की लगेच दुकानदाराला, हवेला किंवा नजरेला दोष देऊ नका. तुटलेले टोक उजेडात धरा. ते घोडीपाशी तुटले, खुंटीपाशी की फासापाशी ते पाहा. मग त्या जागेवरून बोटाचे टोक हलकेच फिरवा. तिथे बारीकशी धार बोटाला लागेल. ती आधी घासून काढा आणि मगच नवी तार चढवा.